सात नंबरच्या खाटेची भीती

नाशिकच्या त्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात औषधं खाटेच्या नंबरावर वाटायची, अशी आम्हा नर्सांना शिकवण होती. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, अशी माझी ठाम समजूत होती. तरुण होते, ताठाही होता.

एका दुपारी चार नंबरचं झोपेचं औषध मी चार नंबरच्या खाटेवरच्या बाईला पाजलं. संध्याकाळी ती डोळे उघडेना, नाडी बोटाला लागेना. ती सात नंबरची रोगी निघाली. निफाडकडची, आदल्या दिवशीच आलेली, मुळात काळीज अशक्त. आम्ही दोन तास झटलो तेव्हा कुठे ती शुद्धीवर आली.

"सातची बाई चारवर गेलीच कशी?" डॉक्टर कडाडले. ठपका माझ्यावर आला. पुन्हा असं घडलं तर घरी बसा, असं मला बजावलं. मला संताप आला आणि भीतीही वाटली. नोकरीचं जाऊ दे, पण पुन्हा एक चुकीचा घोट पोटात गेला असता तर ती बाई हाती लागली नसती. हे घडलं कसं, ते शोधून काढायचंच, असं मी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी चार नंबरच्या खऱ्या मालकिणीने, मालेगावच्या एका विणकराच्या म्हाताऱ्या आईने, मला जवळ बोलावलं. "बेटी, सातवर परवा एक बाई मेली ना? ही पोर त्या खाटेवर कापत होती. मी म्हटलं, ये माझ्या जागेवर. मला कसला डर?"

तिच्या चांगुलपणावर रागवावं कसं?

मग मी एक वही सुरू केली. महिनाभर प्रत्येक औषधाच्या वेळी कुठल्या खाटेवर कोण आहे, ते लिहीत गेले. वॉर्डात कुणी दगावलं की दोन दिवसांत खाटांची अदलाबदल व्हायचीच. वही पाहून डॉक्टर म्हणाले, "बायकांना दटावा."

"दटावून भीती जात नाही, साहेब. आपण वॉर्डात चला."

खाटेवरच्या पाट्या वाचून त्यांनी एकेकीचा आजार विचारला. दोन खाटांवर भलत्याच बायका निघाल्या. डॉक्टरांनी माझी वही पुन्हा मागून घेतली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं काय?"

"प्रत्येकीच्या मनगटावर नावाची कापडी पट्टी बांधायची. नाव विचारल्याशिवाय औषध नाही."

त्यांनी मान्य केलं. मला जग जिंकल्यासारखं झालं. त्याच दुपारी दौत-टाक घेऊन पट्ट्या लिहायला बसले. निफाडच्या बाईची पट्टी हातात घेतली आणि टाक थांबला. रजिस्टरात ती अमक्याची बायको होती. माझ्या वहीत पानापानावर नुसती 'निफाडवाली' होती.

मी तिच्या खाटेशी गेले. "बाई, तुमचं नाव काय?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "माझं? हितं आल्यापास्नं कुणी इचारलंच नाय."

महिनाभर रोज मी तिची नाडी धरत होते.