जाड पानांचं पोतं

सोलापुरातल्या एका जुन्या कॉलेजच्या ग्रंथालयात, मागच्या अंगाला, जिथं पूर्वी मोडक्या खुर्च्या टाकायचे तिथं, विजयमाला बसते. नाकावर चष्मा, हातात पेन्सिल, समोर स्कॅनर. आज कुणी कुठल्याही मुलखात बसून या कॉलेजचे जुने प्रबंध मोबाइलवर उघडले, तर त्यातलं पान न् पान या बाईच्या हाताखालून गेलेलं असतं. वेबसाइटवर मोठमोठ्या साहेबांचे फोटो झळकतात, तिचा नाही. तिला त्याचं काही वाटत नाही. सांगणाऱ्याला वाटतं, म्हणून तर हे सांगणं.

चार वर्षांत काय काय गेलं तिच्या हाताखालून! ज्वारीच्या खोडकिडीवर एकानं तीनशे पानं लिहिलीत. एकानं बार्शीच्या भुसार बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा कसा ठरतो त्याचा अभ्यास केलाय. विडी वळणाऱ्या बायकांच्या खोकल्यावर एका डॉक्टरीणबाईंचा प्रबंध आहे. काळी माती फाटली की भिंतीचं काय होतं, भीमेतल्या माशांच्या पोटात काय सापडतं, अक्कलकोटकडची पोरं घरात कानडी बोलून शाळेत गणित कुठल्या भाषेत मांडतात, हे सगळं कुणी ना कुणी जन्म घालवून लिहून ठेवलंय. आणि एक गणिताचा प्रबंध, त्यात पहिल्या पानानंतर अक्षर शोधावं लागतं. तो स्कॅन करताना विजयमाला म्हणाली होती, "प्रियंका, हा बाबा जेवत तरी होता का गं वेळेवर?"

प्रियंका म्हणजे तिच्या जोडीला काम करणारी पोरगी. पंचवीस वर्षांची, कानात सदा वायर, पण हात चपळ.

बारावी झालेली विजयमाला एवढे सगळे प्रबंध वाचत नाही. ती वाचते फक्त ऋणनिर्देशाचं पान. कुणी कुणाचे आभार मानलेत, त्यावरून माणूस कळतो असं तिचं ठाम मत. गाइडची दीड पान आरती करून बायकोला शेवटच्या ओळीत उरकणारे तिच्या लेखी नापास. "हिनं डबे केले, पोरं सांभाळली, टायपिंग तपासलं, आन् हिला काय? 'तसेच'!" असं म्हणून ती ते पान स्कॅनरमध्ये असं सारते की त्या विद्वानाला तिकडं उचकी लागावी.

या सवयीचं मूळ तिच्या घरात आहे. विजयमालाचे वडील गुंडा, तिचे आप्पा, मंगळवेढ्याकडचे मेंढपाळ. मेंढरं विकल्यावर जावयानं, धनाजीनं, हट्टानं त्यांना सोलापुरात आपल्या घरी आणलं. वय पंचाहत्तरच्या आसपास, राग मात्र तिशीतला. आणि त्यांचा सगळ्यात जुना राग अजिनाथ मास्तरांवर.

"आकरा दिस ऱ्हायला आमच्या तळावर," आप्पा सांगायचे. "कुटं जाता, कुटनं येता, मेंढरू आजारी पडलं की काय करता, समदं लिवून घेतलं. तुज्या आईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. जाताना तिचा फोटू काढला. म्हनला, पाठवतो. कशाचा पाठवतोय! शिकलेली मानसं, इचारत्यात आन् जात्यात."

त्यानंतर दोन वर्षांत विजयमालाची आई, चिमाबाई, गेली. विजयमाला तेव्हा चार वर्षांची. घरात आईचा एकही फोटो नाही. लग्नात काढला नव्हता, पुढं काढायला वेळ मिळाला नाही. आईचा चेहरा कसा होता हे विजयमालाला आठवत नाही, आणि हे ती कुणाला सांगतही नाही. मास्तराचं आडनाव आप्पांना ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं. पण तो कुठंतरी काहीतरी लिहून गेला असणार, एवढं तिला वाटायचं. म्हणून ती आभाराची पानं वाचत सुटली होती.

आता तिची चूक सांगायला हवी. ती स्वतः लपवत नाही, तर इथं का लपवायची?

प्रबंध स्कॅन करायचा म्हणजे आधी त्याची पाठ कटरनं कापायची, पानं सुटी करायची आणि गठ्ठा यंत्रात लावायचा. यंत्र एकेक पान ओढून घेतं. पण जुन्या प्रबंधांत लोकांनी काय काय चिकटवलेलं असायचं! गवताच्या काड्या, चादरीचे तुकडे, घडीचे नकाशे, खरेखुरे फोटो. अशी पानं यंत्रात अडकायची. ग्रंथपाल बिराजदार सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जाड पानं बाजूला काढा. नंतर बघू." पहिला महिनाभर विजयमालानं ती काढली आणि एका पोत्यात टाकली. नव्या नोकरीची धास्ती, मान वर करून बघायचीही सवड नाही. अशा चिकटवलेल्या पानांवर आकडा नसतो हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

महिन्यानंतर प्रियंकानं एक पान धरून विचारलं, "ताई, हे कुठल्या प्रबंधातलं?" आणि विजयमालानं ते उलटंपालटं करून बघितलं, तर कुठंच काही लिहिलेलं नाही. मेंढपाळाची लेक ती! पाणवठ्यावर दोन कळप एकमेकांत मिसळले की निवडताना नाकी नऊ येतात, म्हणून प्रत्येक घर मेंढरांवर आपली रंगाची खूण करतं. आप्पांची खूण डाव्या पुठ्ठ्यावर लाल पट्टी. हे लहानपणापासून बघितलेली बाई खूण न करता पानं कळपात सोडत होती! त्या दिवसापासून प्रत्येक जाड पानाच्या पाठीवर तिनं बारीक पेन्सिलीनं प्रबंधाचा क्रमांक घातला. अशी दोन पोती भरली. पहिलं पोतं मात्र बिनखुणेचं राहिलं.

यंदा संग्रह ऑनलाइन खुला करायचं ठरलं. सोमवारी समिती येणार, तिच्यासमोर कळ दाबायची. त्याआधीच्या मंगळवारी विजयमाला पहिल्या महिन्यातले प्रबंध स्क्रीनवर तपासत होती. तेव्हा न वाचलेली आभाराची पानं आता सावकाश वाचत होती. मेंढपाळांच्या स्थलांतरावरचा एक प्रबंध उघडला आणि तिचा हात थांबला. 'मंगळवेढे तालुक्यातील श्री. गुंडा व त्यांच्या पत्नी यांनी मला अकरा दिवस घरच्यासारखे सांभाळले.' तेही पहिल्याच ओळीत, गाइडच्या आधी. लेखकाचं नाव अजिनाथ.

"अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

तिनं छायाचित्रांची यादी गाठली. 'क्र. ७ : मेंढपाळ स्त्री.' सहाव्यानंतरचं पान उघडलं तर सरळ पुढचं प्रकरण सुरू. सातवा फोटो नव्हता. तो तिनं स्वतःच्या हातानं काढून बिनखुणेच्या पोत्यात टाकला होता.

त्याच दुपारी बिराजदार सर कागद घेऊन आले. काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, त्यावर विजयमालाची सही हवी. "आणि ती पोती शनिवारी दुपारी रद्दीच्या टेम्पोत जाऊ द्या. समितीसमोर कसली अडगळ!"

"सर, काम पूर्ण नाही."

"नव्वद टक्के झालं की हो. जाड पानं कोण विचारतंय?"

"ज्यानं चिकटवली त्यानं विचारलं तर?"

सर वाईट माणूस नव्हते, फक्त दमलेले होते. ते म्हणाले, "विजयमालाबाई, सही झाली नाही तर तुमच्या नेमणुकीची पुढची ऑर्डर निघणार नाही. माझ्या हातात नाही ते."

"शनिवारी दुपारपर्यंत थांबा," ती म्हणाली. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि गेले.

खुणेची दोन पोती प्रियंकानं दोन दिवसांत झाकणाच्या स्कॅनरवर एकेक पान ठेवून संपवली. बिनखुणेचं विजयमालानं घेतलं. एकशे चाळीस पानं होती. प्रियंका म्हणाली, "ताई, ओत की सगळं खाली! आधी तुझ्या आईचा फोटो शोध, बाकीचं मागनं."

"न्हाय," विजयमाला म्हणाली. रागात आली की ती गावाकडचं बोलते. आप्पांच्या घरचा एक नेम होता. ज्याच्या गाफीलपणानं कळप मिसळले, त्यानं दुसऱ्याची मेंढरं आधी निवडून द्यायची, आपल्यासाठी हात घालायचा नाही. चूक तिची होती. तिनं वरचं पान उचलायचं, त्याचं घर शोधायचं, स्कॅन करायचं, मगच पुढच्याला हात लावायचा. फोटो येईल तेव्हा येईल. वेळ संपला तर? प्रियंकाच्या तोंडावर ते दिसत होतं. विजयमाला घड्याळाकडं न बघता पुढचं पान उचलत होती.

शुक्रवारी संध्याकाळी पन्नासेक पानं उरली, आणि वर लागलेली सगळी अवघड. नुसतं कापड, नुसतं गवत. शनिवारी सकाळी विजयमाला दोन तज्ज्ञांना रिक्षात घालून घेऊन आली. एक आप्पा. दुसरी शेजारची काशम्मा, जिनं चाळीस वर्षं मागावर काढली. बिराजदार सरांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला.

काशम्मानं कापडाचा तुकडा बोटांत चोळला. "हे हातमागाचं. हे पॉवरलूमचं. ह्याला काय बघायचं?" मागांवरचे प्रबंध दोनच होते, एक हाताच्या, एक विजेच्या. झाली वाटणी! गवतांवरचेही दोनच, एक बांधाच्या, एक माळाच्या. आप्पांनी गवत नाकाशी नेलं. "ही मारवेल, काळ्या रानाच्या बांधावरची. आन् ही कुसळ, माळाची. कुनी एकत्र केली गं ही?"

"मीच केली, आप्पा."

"शाबास! मेंढपाळाची पोर म्हनं!"

अकराच्या सुमारास सरही खुर्ची ओढून बसले. नकाशाची एक घडी उलगडून म्हणाले, "अहो, हा तर आमच्या गावचा ओढा!" आणि ते पान त्यांनी स्वतः स्कॅनरवर ठेवलं. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. सर खिडकीतून ओरडले, "थांब रे जरा!"

पोत्यात सहा पानं उरली होती. विजयमालानं वरचं उचललं. फोटो होता, काळापांढरा. एक पोरगी लोकरीच्या ढिगापाशी बसलेली, पदर घसरलेला, कॅमेऱ्याकडं बघून तोंडभर हसणारी. विशीबाविशीची, प्रियंकापेक्षाही लहान. विजयमालानं फोटो निरखून बघितला, उलटा करून खूण शोधली आणि सवयीनं आप्पांपुढं धरला.

"आप्पा, ही कुठल्या भागातली असेल? चोळीवरनं काय कळतंय का?"

आप्पांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. फोटो दोन्ही हातांत धरला. 

"कुटल्या भागातली काय इचारतीस," ते म्हणाले. "तुजी आई हाय ती."

विजयमालानं आईला कायम आपल्यापेक्षा मोठी धरलं होतं. कपाळावर आठ्या असलेली, कामानं वाळलेली, पोक्त. आपली आई आपल्याहून अर्ध्या वयाची असेल, आणि अशी खळखळून हसत असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. ती सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली. प्रियंकानं कानातली वायर काढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं सर खाकरून म्हणाले, "बाई, घेऊन जा हा फोटो घरी. नाहीतरी हे सगळं रद्दीतच जायचं होतं."

विजयमाला काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "न्हाय, सायेब. त्यो मास्तरच्या कळपातला हाय. तितंच ऱ्हाऊ द्या."

तिनं डोळे पुसले आणि फोटो काचेवर ठेवून झाकण लावलं. पानाच्या नोंदीत 'मेंढपाळ स्त्री' असं जिथं यायचं, तिथं तिनं टाइप केलं : चिमाबाई गुंडा, मेंढपाळ, तालुका मंगळवेढा. सरांनी मागून वाचलं आणि मान डोलावली. उरलेल्या पाच पानांचं घर काही सापडलं नाही. विजयमालानं प्रमाणपत्रावर सही केली आणि खाली लिहिलं, 'पाच पाने शिल्लक. चूक माझी. शोध चालू आहे.' सरांनी ती पाच पानं आणि बाकीची जाड पानंही आपल्या कपाटात ठेवून किल्ली लावली. टेम्पो रिकामा गेला.

सोमवारी समिती आली, कळ दाबली, टाळ्या वाजल्या, बुके दिले गेले. विजयमालाला कुणी पुढं बोलावलं नाही. ती मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि मनापासून वाजवत होती.

संध्याकाळी घरी तिच्या मुलीनं, आरोहीनं, मोबाइलवर संग्रह उघडला. शोधायच्या चौकटीत 'चिमाबाई' लिहिलं. एकच उत्तर आलं. तिनं मोबाइल आजोबांच्या हातात दिला.

आप्पा बघत राहिले. बोटाच्या धक्क्यानं फोटो मोठा झाला, तसे दचकले आणि मग हसले. पस्तीस-छत्तीस वर्षं जपलेला राग होता तो. विजयमाला चुलीशी नव्हती, गॅसपाशी होती, पण कान तिकडंच होते.

"इजे," आप्पांनी हाक मारली.

"काय, आप्पा?"

"मास्तरनं पाठवला की गं फोटू."