तळाच्या बाटल्या

शालिकराम ठवकर हिंगण्याच्या सलाइन कंपनीत डेगेवर होता. डेग म्हणजे आटोक्लेव्ह, पण तो शब्द साहेबलोकांच्या तोंडी. माणूस वाकून आत शिरेल एवढी आडवी लोखंडी टाकी, तिच्या दाराला बैलगाडीच्या चाकासारखी मूठ. भरलेल्या, बुचं मारलेल्या काचेच्या बाटल्यांचा गाडा आत ढकलायचा, दार आवळायचं, वाफ सोडायची आणि एकशे एकवीस डिग्रीवर अर्धा तास धरून ठेवायचं. जे काही जिवंत असेल ते त्या अर्ध्या तासात मेलं पाहिजे. कारण ती बाटली पुढे सरळ माणसाच्या शिरेत उतरायची.

बाजूच्या भिंतीवर ताटलीएवढा गोल कागद फिरायचा आणि शाईची सुई त्यावर रेघ ओढायची. साहेबांचा विश्वास त्या रेघेवर. शालिकरामचा चन्यांवर.

ही खोड त्याला रामाजीनं लावली होती. रामाजी त्याच्या आधी अकरा वर्षं डेगेवर होता. भिजवलेले चने, थोडं पाणी, अल्युमिनियमचा डबा. डबा गाड्याच्या अगदी तळाच्या कोपऱ्यात. "सुई वरची गोष्ट सांगते गा," तो म्हणायचा. "गार हवा जड. ते खाली बसते. तोटीतून बाहेर नाई हाकलली तं वर उकळते अन् तळ कच्चा राह्यते. चना दाबून पाह्य. पिठावानी झाला तं बाटली पास." खरं तर रामाजीला सकाळच्या पोह्यांवर घालायला चने पाहिजे असत, शहाणपण त्यानं मागाहून जोडलं असावं. पण चार वर्षांत शालिकरामच्या बोटांना सवय झाली होती. गाडा बाहेर, डबा हातात, एक चना चिमटीत. मगच कागदावर सही.

एकोणऐंशीच्या एप्रिलात कंपनीनं बाटल्या धुवायची नि भरायची नवी मशीन आणली. जुनी तासाला जेवढ्या भरायची त्याच्या तिप्पट ही भरू लागली, आणि डेग तेवढीच राहिली. मॅनेजर मनोहरराव घड्याळ हातात धरून उभे राहू लागले. दर शनिवारी डेग थंड करून तळाच्या तोटीची जाळी साफ व्हायची, ते बंद झालं. एका सोमवारी तर मनोहररावांनी पॅकिंगच्या कांताबाईला चिवडा खाताना पाहिलं आणि तिथल्या तिथं घरी पाठवलं. चन्यांचा डबा त्या दिवसापासून आत गेला नाही. शालिकरामला जूनमध्ये नोकरी कायम झाल्याचं पत्र मिळणार होतं.

गुरुवारी सकाळी, पहिल्याच गाड्याच्या वेळी, मनोहरराव मीटिंगला गेले. जोडीदार धोंडबानं डबा काढला.

"टाकू का गा? चार दिस झाले, पोहे कोरडेच गिळून राहिलो."

"टाक. पन लवकर काढजो."

गाडा बाहेर आला. शालिकरामनं डब्यात बोटं घातली. पाणी कोमट होतं. चना दाबला, दबला नाही. दाताखाली धरला तर कटकन फुटला. भिंतीवरचा कागद त्यानं जवळ जाऊन पाहिला. रेघ एकशे एकवीसवर, अर्धा तास, तसूभर हललेली नाही.

"तळ कच्चा हाय," तो म्हणाला.

धोंडबानं आधी इकडे तिकडे पाहिलं. "सांगशीन कोनाले? चने कुठून आले म्हनतीन तं काय सांगशीन? कांताबाई एका चिवड्यापायी गेली. तू अन् मी तं डेगेत सैपाक केला."

"मानूस मरन ना गा."

"अन् आपन?"

तीनशे बाटल्या होत्या. अर्ध्या तासात पॅकिंगवाले गाडा ओढून नेणार. शालिकरामनं पुन्हा शिजवायचा विचार केला; पण तोटीत जे अडलं होतं ते अडलेलंच होतं, तळ पुन्हा कच्चाच राहिला असता. मग त्यानं गाड्याच्या खाली पाय लावला, खांदा दिला आणि गाडा कलंडवला.

वरच्या बाटल्या अजून कडक तापलेल्या होत्या. त्या फटाक्यांसारख्या फुटल्या. उकळतं पाणी त्याच्या पावलांवर आलं आणि तो ओरडला, ते ओरडणं तेवढं खरं होतं. लोक धावले. "चाक अडकलं साहेब," धोंडबा सगळ्यांना सांगत सुटला, "चाकच अडकलं."

केमिस्ट मार्तंड देव आले. सभ्य माणूस, कामगारांनाही अहोजाहो करायचा. "जीव वाचला हे नशीब समजा," म्हणाले. मनोहररावांनी लेखी समज दिली. तेवढ्यावर भागलं. पावलांना मलम लावून शालिकराम फरशीवर बसला.

काम थांबल्यानं डेग थंड झाली होती, म्हणून धोंडबानं तोटीची जाळी उघडली. नव्या मशीनवर बाटल्या जास्त फुटत. त्यांच्या काचा, बुचांचे रबरी तुकडे, सगळं तिथं येऊन बसलं होतं. त्यावर पाण्याच्या क्षाराचा पांढरा थर चढून दगड झाला होता. धोंडबानं स्क्रू ड्रायव्हरनं टोकरलं तरी निघेना.

"हे आजचं नोहे," शालिकराम म्हणाला.

शेवटचा चना त्यानं शनिवारी दाबला होता. तो मऊ होता. सोमवार, मंगळवार, बुधवार. अठरा गाडे.

तो तसाच लंगडत मार्तंडसाहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून टाकलं. डबा, चने, गाडा मुद्दाम पाडला तेही. फक्त धोंडबाचं नाव घेतलं नाही.

"तळाची एक बाटली आणा," मार्तंडसाहेब म्हणाले. "एकच. मी लॅबमध्ये लावतो. जंतू वाढले की सगळा माल परत मागवता येईल."

शालिकरामनं नकारार्थी मान हलवली.

"नाही?"

"समद्या फोडल्या ना साहेब."

"आणि आधीचे अठरा गाडे?"

ते केव्हाच बाहेर गेले होते, हे मार्तंडसाहेबांनाच जास्त ठाऊक होतं. गावागावांत हगवण-ओकारीची साथ होती, दवाखान्यांच्या तारा येत होत्या, आणि नमुन्याच्या निकालाची सात दिवस वाट न पाहता माल सोडायच्या कागदावर त्यांचीच सही होती. नमुनेही नेहमी वरच्या ट्रेमधले. हाताशी येत म्हणून.

"माझ्याकडे अठरा कागद आहेत आणि अठराही चोख आहेत," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय आहे, शालिकराम?"

तरी ते मनोहररावांकडे गेले. दार लावून अर्धा तास बसले. बाहेर आले तेव्हा त्यांनी शालिकरामकडे पाहिलं नाही. संध्याकाळी शालिकरामला कामावरून काढल्याचा टाइप केलेला कागद मिळाला: निर्जंतुक विभागात खाद्यपदार्थ बाळगणे, कंपनीच्या मालाची नासधूस.

घरी सुभद्रानं पायांच्या पट्ट्या सोडल्या. "अजी, सांगाची काय गरज होती तुमाले? झालं होतं ना सगळं बराबर?"

"तुयी माय भरती असती तं?"

"माई माय खेड्यात धडधाकट हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून तो भेटीच्या वेळी सरकारी दवाखान्यात जाऊ लागला. साथीचा वॉर्ड व्हरांड्यापर्यंत वाहत होता. खाटेखाटेशी उभा राहून तो टांगलेल्या बाटलीवरचा गाड्याचा नंबर वाचायचा. चारशे बारा ते चारशे एकोणतीस, हे अठरा. लोकांना तो कुणाचा तरी नातेवाईक वाटायचा. तिसऱ्या दिवशी खिडकीजवळच्या खाटेवर त्याला चारशे अठरा दिसला. बाटली अर्धी उतरली होती.

खाटेवर मनकर्णा नावाची बाई, पंचविशीची. उशाशी तिची सासू रुखमाबाई पदरानं वारा घालत होती. शालिकरामनं नळीवरचा स्क्रू आवळला. थेंब थांबला.

"काहून बंद केलं जी? डाक्टर हा का तुमी?"

"सिस्टरले बोलवा, बाई."

सिस्टर आली. तिनं बाटली उजेडात धरली. पाणी काचेसारखं नितळ होतं. "काय खराब आहे यात?"

"दिसत नाई ते. मी हे बनवाच्या डेगेवर होतो. तळ कच्चा होता."

"होतो म्हणजे?"

"काढलं मले."

सिस्टरनं त्याच्या पट्ट्या बांधलेल्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "कंपनीशी भांडण असेल तर तिकडे भांडा. हिची नाडी सकाळी हाताला लागत नव्हती, याच बाटल्यांनी आली." तिनं स्क्रू सैल केला आणि पुढच्या खाटेकडे गेली. स्टोअरमधल्या सगळ्या पेट्या त्याच गाडीनं आल्या होत्या. बदलून लावायला दुसरं काही नव्हतं.

तो गेला नाही. भिंतीला टेकून खाली बसला. रुखमाबाईनं त्याला सुनेचं सगळं सांगितलं: विहिरीचं पाणी, पहाटेपासूनचे जुलाब, शेजाऱ्याची बैलबंडी. "आता पाहा, डोये उघडून राहिली," ती म्हणाली. "पानी मागतलं मघा." तो हो हो करत राहिला आणि बाईच्या हातांकडे पाहत राहिला.

साडेचारच्या सुमारास मनकर्णानं त्या उन्हाळ्यात पांघरूण मागितलं. मग दुसरं. मग तिचे दात वाजू लागले.

"सिस्टर!" शालिकराम ओरडला.

सिस्टर धावत आली. कपाळाला हात लावला आणि सुई उपसून काढली. डॉक्टरांना बोलवायला कुणाला तरी पिटाळलं. मग तिनं बाटलीवरचा नंबर पाहिला आणि खिशातलं पेन काढलं. कागद नव्हता. तिनं तळहात पुढे केला.

"कुठपासून म्हणालात?"

"चारशे बारा."

"कुठपर्यंत?"

त्यानं सांगितलं. तिनं लिहिलं, आणि घामानं शाई पसरली म्हणून पुन्हा सांगायला लावलं. तो सांगत होता, आणि त्याच्या मागे खाटेचं लोखंड फरशीवर खडखडत होतं. रुखमाबाई सुनेचे दोन्ही पाय धरून तिला नावानं हाका मारत होती.