हद्दीवरची चूळ

घाट उतरताना मधल्या एका वळणावर मामा मोटारसायकल थांबवायचे. तिथे हद्दीचा दगड आहे. वर आपला मराठवाडा, खाली खानदेश. मामा पिशवीतून बाटली काढायचे, खळखळून चूळ भरायचे आणि बाटली माझ्यापुढे धरायचे.

"भरा साहेब. इकडची चव तिकडं नेऊ नाय."

मामा कन्नडला आमच्या मोजणी कार्यालयात शिपाई होते आणि मी मोजणीदार. शेतांच्या हद्दी मोजताना यंत्राची काठी ते धरायचे. प्रत्येक सरकारी कार्यालयात असा एक मामा असतो, तुम्हीही पाहिला असेल. यांचं घर मात्र घाटाखाली, मेंढपाळांच्या वस्तीवर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन ही हद्द ओलांडताना चूळ भरायचे, म्हणून हेही भरायचे.

"मेंढरंही भरायची का?" मी एकदा विचारलं.

"त्यांना काय, त्यांचं गवत दोन्हीकडं सारखंच," मामा गंभीरपणे म्हणाले.

बायको गेली त्या वर्षी मी कन्नडला बदली मागून घेतली होती. मला रडू आलं नाही. फक्त तोंडाची चव गेली. लोणचं काय आणि खिचडी काय, सगळं सारखंच लागायचं. डॉक्टरांनी जीभ पाहिली, ठीक आहे म्हणाले. मी कुणाला काही सांगितलं नाही, सांगावंसं वाटलंही नाही. दुपारी बिस्किटांचा एक पुडा संपवून पुन्हा कागद पुढे ओढायचो.

मामांनी आठवडाभर तो पुडा पाहिला आणि मग मला बाजार दाखवायला सुरुवात केली. मोजणी लवकर आटपली की ज्या गावचा आठवडी बाजार असेल तिथे मोटारसायकल वळायची, कधी घाटावर, कधी घाटाखाली. "भाकरी घरची, कालवण बाजारचं," हा त्यांचा नियम. मामींनी फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी सोडायच्या आणि वर असलो तर येसराची आमटी घ्यायची, खाली असलो तर शेवेची भाजी. त्याआधी सगळा बाजार पालथा घालायचा. मामा मिरचीचं देठ मोडून हुंगायचे, गुळाचा खडा माझ्या तळहातावर ठेवायचे.

"कसाय?"

"छान."

एकदा कच्च्या चिंचेलाही मी न शहारता छान म्हणालो. मामांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही खालच्या बाजारात होतो. भरीतवाल्या बाई भाजलेली वांगी ठेचून ज्याचं त्याचं भरीत समोर कालवून देत. मामा त्यांच्याशी काहीतरी कुजबुजले. दोन द्रोण आले. मी भाकरीबरोबर अर्धा द्रोण संपवला.

"कसं झालंय, साहेब?"

"मस्त. एकदम मस्त."

मामांनी हातातला घास खाली ठेवला. भरीतवाल्या बाई गडबडीने दुसरं गिऱ्हाईक बघू लागल्या.

"तुमच्या भरतात मीठच नाय," मामा हळू आवाजात म्हणाले. "मीच टाकू नका म्हणलो व्हतो. कवापासून असं?"

"बायको गेली तेव्हापासून."

लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही. मामांनी धीराचे चार शब्द वगैरे काही सांगितले नाहीत. बाईंकडून चिमूटभर मीठ मागून घेतलं आणि माझ्या द्रोणात टाकलं.

"तुम्ही नुसतं खावा. चव मी सांगतो."

आणि खरंच सांगू लागले. "ही कळण्याची भाकर. उडीद हाय, म्हणून खरपूस लागती." "हे आधी गोड, मग घशाशी तिखट." जिलेबी पुढ्यात आली तर म्हणायचे, "शिळी हाय. तुमचं काय नुकसान नाय." मी ऐकत ऐकत जेवायचो. बिस्किटांचा पुडा सुटला. आनंद होत होता असं म्हणवत नाही, पण बाजाराचा वार लक्षात राहू लागला.

प्रत्येक बाजारातून निघताना ते विचारायचे, "आज लागलं काय?"

"नाही."

"लागंल. लागलं की पहिलं मला सांगा."

यंदाच्या उन्हाळ्यात, निवृत्तीला थोडे महिने उरले असताना, मामा अंगणात बसल्या बसल्या गेले. कार्यालयात फोन आला तेव्हा मी मोजणीला निघालो होतो. काठी दुसऱ्या कुणीतरी धरली. मी आकडे लिहून घेतले. एकही चुकला नाही.

तेराव्याला घाट उतरलो. दगडापाशी थांबून सवयीने चूळ भरली. वस्तीवर पंगत बसली होती, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. दुसऱ्या घासाला मी थांबलो. भाजी खारट होती. चांगलीच खारट होती. सगळे मुकाट्याने जेवत होते, कारण तेराव्याच्या जेवणाला कुणी नाव ठेवत नाही.

निघताना मामींना भेटायला गेलो. भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"जेवलात ना साहेब?"

"भाजीत मीठ जास्त झालंय," मी म्हणालो.

शेजारच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आपण काय बोललो ते मला तेव्हा कळलं. मामी मात्र रागावल्या नाहीत. टक लावून पाहत राहिल्या.

"लागलं तुम्हाला?"

"व्हय."

"रोज इचारायची मी त्यांना," मामी म्हणाल्या, "आज लागलं का तुमच्या साहेबाला, म्हणून." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

परत घाट चढताना दगडापाशी मोटारसायकल थांबवली. बाटली काढली, झाकण उघडलं. मीठ अजून जिभेवर होतं. झाकण लावून टाकलं आणि ती चव तशीच तोंडात घेऊन हद्द ओलांडली.