शेंगांशिवाय बिदर

भाऊ लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला घेऊन बिदरला येणार होता, शनिवार-रविवार. पुण्याहून त्याचा फोन आला तेव्हा मी उत्साहाने बेत सांगायला लागले. सकाळी किल्ला, रंगीन महालातलं शिंपल्यांचं काम, दुपारी चौबारा बुरुजाजवळ गाडीवर खायचं, मग जुना मदरसा, दुसऱ्या दिवशी अष्टूरच्या सुलतानी कबरींचे घुमट. तो मधेच म्हणाला, "अक्का, तिला भुईमुगाच्या शेंगा चालत न्हाईत. दाणा न्हाई, कूट न्हाई, तेलबी न्हाई. एकदा तिचा श्वास बंद पडायला आलता."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात नजर फिरवली. भाकरीबरोबर शेंगाची चटणी, वांग्यात शेंगाचं कूट, चिवड्यात शेंगा. आमच्याकडे शेंगा नसलेलं काय असतं, हे आठवावं लागलं.

अव्वा, म्हणजे आमची आई, त्याच आठवड्यात गुलबर्ग्याहून माझ्याकडे आली होती. तिला सांगितलं तर ती हसली. "शेंगानं कुणी मरतंय व्हय? नखरे हायत सगळे. थोडंथोडं पोटात गेलं की आपोआप सवय हुतंय."

तिचं शेवटचं वाक्य माझ्या मनातून जाईना. मी शेंगांचा डबा शेजारच्या घरी ठेवून आले, खलबत्ता दोनदा धुतला. पाहुणे शुक्रवारी रात्री आले, आणि शनिवारी सकाळी अव्वा चुलीशी उभी राहिली की मी काहीतरी निमित्त काढून तिच्या शेजारी जाऊन थांबत होते. तिच्या ते लक्षात आलं. "कामून बघायलीस असं?" तिने विचारलं. मी म्हटलं, काही न्हाई.

गाड्यांवर मी आधीच चौकशी करून आले होते. चुरमुऱ्यांचा सुसला करणारा एकजण म्हणाला होता, "सुसल्यात पुटाण्याचं, डाळ्याचं पीठ टाकतो अक्का, शेंगा न्हाई. तेल सूर्यफुलाचं. चटणी तेवढी शेंगाची, पण ती वायली ठेवतो." त्याचीच गाडी मी बेतात धरली होती.

किल्ला छान झाला. भावजय प्रत्येक दरवाजापाशी थांबून वर बघायची, मला हजार प्रश्न विचारायची. "ताई, तुम्ही रोज इथून जाता आणि आत येत नाही?" मला तिचा तो मोकळेपणा आवडायला लागला होता.

दुपारी गाडीवर आलो. मी दोनदा बजावलं, चटणी नको. सुसल्याची पहिली प्लेट अव्वाने हातात घेतली आणि सुनेला नेऊन दिली. तिने तो आवडीने खाल्ला, वरून लिंबू मागितलं. अव्वाचे गुडघे दुखत होते म्हणून ती भावाच्या कारमध्ये जाऊन बसली. भावजयीने पर्स तिच्याजवळ ठेवली आणि आम्ही तिघं रस्ता ओलांडून मदरशाच्या आवारात गेलो.

मी भिंतीवरच्या निळ्या फरशांचे उरलेसुरले तुकडे दाखवत होते तेवढ्यात ती खोकली. मग गळ्याला हात लावला. मानेवर लाल गांध्या उठत होत्या. "पर्स... इंजेक्शन," ती म्हणाली. आवाज घोगरा, ओळखू न येणारा. भावाने तिला दगडी कट्ट्यावर बसवलं, आणि मी धावले.

फाटकापासूनच ओरडले, "अव्वा! पर्स!"

धावताना माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, अव्वाच्या हातातली ती प्लेट.

अव्वा कारमधून उतरली. जिना चढताना दर पायरीला थांबणारी बाई पर्स छातीशी धरून अनवाणी रस्त्यात घुसली. एक मोटारसायकल कचकन थांबली, तिने तिकडे बघितलंही नाही. माझ्या हातात पर्स न देता ती माझ्यापुढे पळत आत गेली.

भावाचे हात इतके थरथरत होते की त्याला इंजेक्शनचं टोपण निघेना. भावजयीने ते हिसकावून घेतलं, सलवारीवरूनच मांडीत खुपसलं आणि दाबून धरलं. अव्वा तिच्यासमोर मातीत बसली होती. "श्वास घे गं बाई, श्वास घे," एवढंच म्हणत होती.

दवाखान्यात नेईपर्यंत भावजयीच्या ओठांवर आलेली सूज थोडी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय, पण पुन्हा उलटू शकतं, उद्यापर्यंत इथंच ठेवू.

बाहेरच्या बाकावर मी आणि अव्वा बसलो. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या काय घातलं न्हाई गं त्यात."

"मी कुठं म्हटलं?"

"म्हटली न्हाईस."

तासाभराने माझा फोन मिळाल्यावर माझे यजमान गावाबाहेरच्या कोळारहून, कारखान्यातून आले. वाटेत गाडीवाल्याला भेटून आले होते. गर्दीत त्याने चटणीचाच चमचा सुसल्यात फिरवला होता. बिचाऱ्याने घाबरून कबूल केलं म्हणे. ते ऐकून अव्वाने डोळे मिटले. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण माझा हात दाबलाही नाही.

रविवारी सकाळी आत सोडलं तेव्हा भावजय उशीला टेकून चहा पीत होती, भाऊ शेजारी होता. अव्वा खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "ते कसं टोचायचं, मला दाखव. तू बेशुद्ध पडलीस अन् ह्याचे हात असे कापायले तर?"

भावजय हसली, मग तिचे डोळे भरले. रिकामं इंजेक्शन हातात धरून ती दाखवायला लागली, "आई, आधी हे टोपण काढायचं. मग मांडीच्या बाहेरच्या बाजूला." अव्वाने चष्मा लावला आणि ते पुन्हा पहिल्यापासून दाखवायला सांगितलं.

अष्टूर राहूनच गेलं.