फळ्यावरचे ठोके

आमच्या व्यायामशाळेत एक पांढरा फळा आहे. सकाळच्या तुकडीत ज्याच्या हृदयाचे ठोके सर्वाधिक चढतात, त्याचे नाव घामट हातांनी त्यावर लिहिले जाते. शरीरक्रियाशास्त्र शिकलेल्या मला त्या फळ्याची किळस येते. तरीही गेले तीन दिवस तिथे माझेच नाव आहे.

आज शेजारच्या ट्रेडमिलवर साठीच्या देशमुखकाकू धावत होत्या. चेहरा लालबुंद झाला होता. "सर, जरा..." एवढेच त्या प्रशिक्षकाला म्हणू शकल्या.

"बोलू नका काकू, दम वाचवा! दोनच मिनिटं, आज फळ्यावर तुम्हीच!" प्रशिक्षक टाळ्या पिटत ओरडला.

धावताना एक वाक्य सलग बोलता यावे, हे श्रम झेपत असल्याचे किती साधे माप! इथे नेमके ते बोलणेच बंद केले जात होते. शिसारी येऊन मी "थांबवा त्यांना" म्हणायला गेले, तर नुसती धाप बाहेर पडली. मलाही बोलता येत नव्हते.

मी हात लांबवून काकूंच्या यंत्राचे लाल बटण दाबले, मग माझ्या.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "अगं पोरी, तुझं नाव गेलं की फळ्यावरून!"

वाक्य कुठेही तुटले नव्हते.