दाजींनी नापास केलेला आवाज

या जगात निर्दोष वस्तू एकच आणि ती म्हणजे आपल्या बायकोचा आवाज, असं आमच्या दाजींचं ठाम मत होतं. बाकीचं जग त्यांनी केव्हाच नापास करून टाकलं होतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. मापाचं गेज लावायचं, तुकडा त्यात बसला तर पास, नाही बसला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका. निवृत्त होऊन घरी बसले तरी तो लाल ठिपका त्यांच्या डोळ्यांतून काही गेला नाही. बाजारातले टोमॅटो ते फरशीवर ओळीनं मांडून तपासत. हॉटेलात इडली आली की ती ताटलीत गोल फिरवत आणि एका बाजूला चपटी आहे म्हणून परत पाठवत. एकदा वेटरनं वैतागून कन्नडमध्ये विचारलं होतं, की साहेब, ही खायचीय की कुठं बसवायचीय? माझ्या लग्नात मी नवा कोट घालून उभा राहिलो तेव्हा सगळे छान छान म्हणाले. दाजींनी मागून एक फेरी मारली आणि डावा खांदा खाली आहे म्हणून सांगितलं. कोटाचा नव्हे, माझा.

नुसतं नापास करून हा माणूस थांबत असता तर निभावलं असतं. पण नापास माल जागेवर ठेवायचा नाही हा त्यांचा दुसरा नियम. कारखान्यात फार पूर्वी कधीतरी लाल ठिपक्याचे तुकडे चुकून चांगल्या मालात मिसळले, पेटीत भरले गेले आणि अख्खी गाडी परत आली. तेव्हापासून दाजी नापास तुकडा स्वतःच्या हातानं ठोकून वाकडा करायचे आणि मगच भंगारात टाकायचे, म्हणजे पुन्हा कुणाला मोह नको. घरीही तेच. कान तुटलेला कप, काचेवर चरा उमटलेलं घड्याळ, टवका गेलेली बशी, सगळं त्याच दिवशी बाहेर. अक्का मला, तिच्या धाकट्या भावाला, म्हणायची, तम्मा, मला अजून ठेवलंय हेच नवल समज.

अक्काला ठेवण्याचं कारण आमच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. आमच्या विहारात वंदना अक्का सांगायची. ती एक ओळ म्हणायची आणि मागून सगळे म्हणायचे. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. तो भरदार होता, सरळ होता, आणि तो कानावर पडला की माणूस आपोआप ताठ बसायचा. वस्तीतलं एकही बारसं तिच्या पाळण्याशिवाय पार पडलं नाही. ती म्हणायला लागली की दाजी शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून डोळे मिटायचे. स्वतः मात्र ओठसुद्धा हलवायचे नाहीत, कारण त्यांचा गळा पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. हे त्यांचं त्यांनीच तपासून ठरवलेलं होतं.

त्याच अक्काच्या गळ्यात गाठ निघाली. आवाज बसलाय, जाईल दोन दिवसांत, असं म्हणता म्हणता महिने गेले आणि शेवटी मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. दाजींनी विचारलं, अगदीच नाही, की थोडा राहील? डॉक्टर म्हणाले, थोडासुद्धा नाही. अक्काची साखर फार वाढलेली होती, ती खाली येईपर्यंत काही आठवडे ऑपरेशन थांबणार होतं. ते आठवडे आपल्यासाठीच आहेत असं दाजींनी ठरवून टाकलं. अक्काची वंदना, तिचे पाळणे, सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं. पुढं विहारात तेच लावायचं आणि घरात तेच ऐकायचं.

मी म्हटलं, दाजी, मोबाइल आहे की. त्यावर त्यांनी माझ्याकडे खाली आलेल्या खांद्यासकट पाहिलं. मोबाइलमध्ये मधेच फोन येतो. शिवाय तो फार शहाणा असतो, त्याला जो आवाज गोंगाट वाटेल तो आपल्या मनानं कापून टाकतो. माझ्या बायकोच्या आवाजातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं हे तो ठरवणार काय, असा त्यांचा सवाल. त्यांना हवं होतं फक्त आवाज टिपणारं वेगळं मशीन. मग बाजारात कोप्पीकर रोडपासून दुर्गदबैलपर्यंत आमची पायपीट सुरू झाली. कुठल्या मशीनची बॅटरी आतच बंद केलेली, ती मेली की मशीन मेलं, म्हणून नापास. कुठलं बटण दाबताना टक्‌ वाजतं आणि ते टक्‌ रेकॉर्डिंगमध्ये येतं, म्हणून नापास. कुठलं जागा वाचवायला आवाज दाबून लहान करून ठेवतं, म्हणून नापास. शेवटी एका दुकानात तळहाताएवढं मशीन निघालं. डोक्यावर एकमेकांकडे झुकलेले दोन माइक, त्यांवर स्पंजाची टोपी, पोटात साधे पेन्सिल सेल. दाजींनी ते दुकानदाराच्या तोंडासमोर धरलं आणि बोला म्हणाले. तो गोंधळून म्हणाला, "एन हेळ्लि सार?" काय बोलू साहेब, एवढंच. दाजींनी ते हेडफोन लावून परत परत ऐकलं आणि मान हलवली. त्यांच्या हातून काही पास होताना मी प्रथमच बघत होतो.

घरी परीक्षेचं केंद्र असावं तशी तयारी झाली. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडकीला रजया. टेबलाची थरथर येऊ नये म्हणून मशीनखाली कांबळ्याची घडी. शेजारी मिक्सर लावायचा नाही म्हणून दाजी घरोघर सांगून आले. बाहेर रणरणतं ऊन आणि मधोमध अक्का घामानं निथळत बसलेली. मशीनवरची आवाजाची पट्टी लाल खुणेला लागली की दाजी हात वर करायचे आणि म्हणायचे, "पुन्हा घे." अक्का कोमट पाण्याचा घोट घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी ऐकायला बसत. एकात रिक्षा वाजली, एकात कुत्रं, एकात कुणीतरी जिन्यावर चप्पल घासली. नापास. आणि नापास माल ठेवायचा नाही. दाजी नुसतं ते रेकॉर्डिंग पुसत नसत, मशीनमधलं अख्खं कार्ड फॉर्मॅट करून कोरं करत. चुकूनही चांगल्यात वाईट मिसळायला नको. मी एकदा म्हटलं, असू दे की एखादं. त्यांनी गाडी परत आल्याची गोष्ट मला पुन्हा सांगितली.

हळूहळू घर अगदी शांत झालं. रिक्षा नाही, कुत्रं नाही, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये एकच दोष उरला. अक्काच्या ओळीत मधेच खरखर यायची. शेवटचा शब्द घासत जायचा, कधी नुसती हवाच यायची. दाजी म्हणाले, मशीनमध्ये फॉल्ट आहे. त्यांनी टोपी बदलली, सेल बदलले, मशीन लांब ठेवलं, जवळ ठेवलं, खरखर काही जाईना. तेव्हा ते मला घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले आणि त्या माणसाला सुनावलं, की असला माल विकता? दुकानदारानं हेडफोन लावून सगळं ऐकलं. मग ते काढून ठेवले आणि मशीन दोन्ही हातांनी दाजींच्या हातात परत दिलं. मशीन बरोबर आहे एवढंच तो हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाला. परत येताना दाजी वाटभर बडबडत होते, की याला धंद्यातलं काडीचं कळत नाही. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

घरी अक्कानं ते सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, मशीन चांगलंय. माझा आवाजच आता असा आहे. आहे तसा ठेवा की."

दाजींनी कार्ड फॉर्मॅट केलं, मशीनमध्ये नवे सेल घातले आणि म्हणाले, "उद्या सकाळी घेऊ. सकाळी घसा मोकळा असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा श्वास अडकला. रिक्षात चढता चढता तिनं दाजींना गॅस बंद केला काय म्हणून विचारलं. दवाखान्यात नेल्या नेल्या श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागलं, आणि आवाज तिथंच संपला. ऑपरेशन पुढं ठरल्याप्रमाणे झालं आणि चांगलं झालं. अक्का आज हिंडते, फिरते, भाकरी थापते. पण रिक्षातलं ते गॅसचं बोलणं शेवटचं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच ते तेव्हा कळलं नाही.

मशीनच्या कार्डावर काहीच नव्हतं. कॉम्प्युटरवाल्यानं खूप खटपट केली, पण दाजींनी ते इतक्यांदा आणि इतकं मन लावून पुसलं होतं, की त्यानंही हात टेकले. मग वस्तीतल्या सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. लग्नाबारशांचे व्हिडिओ होते, पण सगळ्यांत बँड आणि स्पीकरचा दणदणाट. एकात अक्का दिसते, तोंड हलतं, ऐकू काही येत नाही. दाजींनी तो एकदाच पाहिला. नंतर एकदा माझ्याजवळ बसलेले असताना ते आपणहून म्हणाले, "तम्मा, तिचा आवाज आठवायला बसलो की आधी माझंच 'पुन्हा घे' ऐकू येतं रे." मी त्यांच्या हातावर हात ठेवून बसून राहिलो.

विहारात काही दिवस वंदना कुणी सांगायची हा प्रश्न होता. एका रविवारी दाजी शेवटच्या ओळीतून उठले, पुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. खडे पत्र्यावरून गडगडत गेले. कुणी हसलं नाही. अक्का पुढं बसली होती, गळ्याभोवती पांढरा रुमाल, आणि तिचे ओठ हलत होते. ती आवाज नसतानाही आपल्या जुन्या लयीतच म्हणत होती आणि दाजींच्या मागं पडत होती. दाजींच्या ते ध्यानात आलं आणि ते थांबले. तिचे ओठ मिटल्यावरच त्यांनी पुढची ओळ घेतली. आता दर रविवारी ते तसंच करतात. आमच्या विहारातली वंदना हल्ली फार सावकाश होते, आणि त्याबद्दल अजून कुणी तक्रार केलेली नाही.