चुन्याच्या निवळीत फुंकर

विज्ञानाच्या बाईंना शाळेतले नवे मामा पहिल्यांदा नीट दिसले ते शाळेच्या प्रयोगशाळेत. रबरी नळी बादलीत बुडवलेली, तिचं एक टोक बोटाने दाबलेलं, दुसरं तोंडात आणि गाल टम्म फुगलेले. बुडबुडा काही आला नाही, तेव्हा ते नळीलाच म्हणाले, "तू बरी आहेस." वीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढलेला माणूस. नळी दिसली की फुंकून पाहिल्याशिवाय चैन पडत नसे.

शाळेने त्यांना सहा महिन्यांसाठी परिचर म्हणून घेतलं होतं. कायम करायचं की नाही, ते मुख्याध्यापक ठरवणार होते.

"अहो बाई, पंक्चरवाल्याला काचेतलं काय कळणार?" त्यांनी विचारलं होतं.

"आधीच्याला फार कळत होतं. महिन्याला तीन चंचुपात्रं फोडायचा. मामांनी अजून एकही फोडलेलं नाही."

मुदत संपायच्या आठवड्यात मुख्याध्यापक वर्गावर येऊन बसले. धडा श्वसनाचा. टेबलावर दोन बाटल्या होत्या. एकीत मोड आलेले हरभरे, दुसरीत उकळलेले. प्रत्येकीच्या बुचातून निघालेली नळी चुन्याच्या निवळीत सोडलेली.

"जिवंत दाण्याची प्रत्येक पेशी अन्नातून ऊर्जा काढते," बाई म्हणाल्या. "त्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि निवळी दुधाळ होते. उकळलेल्या दाण्यांची निवळी मात्र नितळ राहते. बघा."

त्यांनी निवळीवर झाकलेलं फडकं काढलं. दोन्ही दुधाळ.

"बाई, मेलेले हरभरेपण श्वास घेतात!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली. वर्ग खो खो हसू लागला.

"भुतं झाली असतील त्यांची," मुख्याध्यापक कोरडेपणाने म्हणाले.

 चुना खराब निघाला असं बाईंनी म्हटलं असतं, तरी वेळ निभावली असती. पण मामाच पुढे आले.

"चूक माझी, सर. सकाळी गळती बघायला दोन्ही नळ्या बुचातून काढून मी निवळीत फुंकल्या. पाणी जरा गढुळलं, मला वाटलं चुना हलला."

"म्हणजे प्रयोग वाया."

"वाया कसला!" बाईंनी परीक्षानळीत ताजी निवळी ओतली आणि त्यात स्वच्छ नळी सोडली. "मामा, फुंका. ओढू मात्र नका हं."

मामांनी फुंकलं. निवळी बघता बघता पांढरी झाली.

"हा वायू मामांच्या फुप्फुसांत तयार झाला?"

"हो!" वर्ग एका सुरात म्हणाला.

"मग हरभऱ्याला फुप्फुसं कुठे असतात?"

 मघाची मुलगी विचार करत उठली. "हरभऱ्याला फक्त पेशी असतात... म्हणजे मामांच्या पण पेशींतच होतो. सगळ्या अंगात. फुप्फुसं नुसती बाहेर टाकतात."

"आणि तिथवर आणतं कोण?"

"रक्त!"

मुख्याध्यापक उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "मामा, उकळलेल्या दाण्यांचा प्रयोग उद्या परत लावा. न फुंकता."

"आणि पुढच्या महिन्यात कोण लावेल, सर?" बाईंनी विचारलंच.

"पुढच्या वर्षीही हेच लावतील. दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

 मामा बाटल्या धुवायला लागले.

आज ते त्या शाळेत कायम आहेत. प्रयोगशाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात, आणि ते शाळेमागच्या गल्लीत राहतात.